‘लोक’ म्हणजे कोण? : नागरिक नसलेल्या रहिवाशांच्या स्थानिक मताधिकाराची चिकित्सा

बीजसंज्ञा : नागरिकत्व, रहिवास, स्थानिक स्वराज्य, मताधिकार, लोकसार्वभौमत्व

प्रस्तावना :

न्यूयॉर्क राज्याच्या ‘कोर्ट ऑफ अपील्स’ने २० मार्च २०२५ रोजी ‘फोसेला विरुद्ध ॲडम्स’ या खटल्यात सहा विरुद्ध एक अशा मताधिक्याने निर्णय देऊन न्यूयॉर्क शहराचा २०२२ चा स्थानिक कायदा क्रमांक ११ राज्यघटनेशी विसंगत ठरविला. (या राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव प्राथमिक स्तरावरील न्यायालयाला असून अंतिम न्यायालयाला ‘कोर्ट ऑफ अपील्स’ म्हणतात, हे ध्यानात न घेतल्यास वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव असतो.) अमेरिकेचे नागरिकत्व नसलेले, परंतु ग्रीन कार्ड किंवा काम करण्याचा वैध परवाना असलेले जे रहिवासी शहरात राहतात, त्यांना शहरापुरत्या निवडणुकांत मतदान करता यावे यासाठी हा कायदा करण्यात आला होता. महापौर, सार्वजनिक अधिवक्ता, लेखानियंत्रक, बरो अध्यक्ष आणि सिटी कौन्सिलचे सदस्य एवढ्याच पदांसाठी हे मतदान होणार होते. राज्याच्या वा संघराज्याच्या निवडणुकांशी त्याचा संबंध नव्हता. या तरतुदीचा लाभ आठ लाखांहून अधिक व्यक्तींना होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात या कायद्याखाली एकही मत पडले नाही.

या निकालाने न्यूयॉर्कपुरता वाद मिटला असला तरी त्यामागील सैद्धांतिक प्रश्न मिटलेला नाही. एखाद्या गावात दहा-पंधरा वर्षे राहणारा, तेथील शाळेत मुले घालणारा, तेथील पोलिसांच्या अधिकाराखाली वावरणारा माणूस त्या गावच्या ‘लोकां’त मोडतो की नाही, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्कचा निकाल व त्याआधीचा जर्मन घटना न्यायालयाचा १९९० चा निकाल यांच्या युक्तिवादांची चिकित्सा केली आहे. तसेच या मताधिकाराच्या समर्थकांची बाजूही तितक्याच कठोरपणे तपासली आहे.

कायद्याचा प्रवास आणि तीस दिवसांची अट :

न्यूयॉर्क सिटी कौन्सिलने हे विधेयक ९ डिसेंबर २०२१ रोजी ३३ विरुद्ध १४ मतांनी संमत केले. नवे महापौर एरिक ॲडम्स यांनी त्यावर स्वाक्षरीही केली नाही व नकाराधिकारही वापरला नाही. त्यामुळे मुदत संपताच जानेवारी २०२२ मध्ये त्याचे आपोआप कायद्यात रूपांतर झाले. स्टेटन आयलंडचे बरो अध्यक्ष व्हिटो फोसेला, रिपब्लिकन पक्ष आणि कौन्सिलचे काही सदस्य न्यायालयात गेले. जून २०२२ मध्ये प्राथमिक न्यायालयाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये मधल्या अपील न्यायालयाने आणि २०२५ मध्ये अंतिम न्यायालयाने, अशा तिन्ही पायऱ्यांवर कायदा पराभूत झाला.

ही कल्पना न्यूयॉर्कला सर्वस्वी नवी होती असे मात्र नाही. शहराच्या शिक्षणव्यवस्थेचे विकेंद्रीकरण करणाऱ्या १९६९ च्या राज्य कायद्यान्वये प्रभागनिहाय शालेय मंडळे स्थापन झाली आणि त्यांच्या निवडणुकांत नागरिक नसलेल्या पालकांनाही मत देता येत असे. २००२ च्या कायदेबदलाने ही मंडळे मोडीत निघेपर्यंत तीन दशके ही पद्धत चालू होती. तेथे मताचा आधार पालकत्व हा होता. मूल शाळेत जाते, म्हणून शाळेच्या कारभारात मत, इतका तो संबंध सरळ व मर्यादित होता.

२०२२ च्या कायद्यात हा मर्यादितपणा राहिला नाही. त्यात सर्वांत दुबळी तरतूद होती ती रहिवासाच्या मुदतीची. शहरात सलग तीस दिवस राहिलेला, कामाचा परवाना असलेला परदेशी मनुष्य मतदार होण्यास पात्र ठरणार होता. कायद्याच्या कर्त्यांचे म्हणणे असे की, नागरिकालाही तीस दिवसांचीच अट आहे, मग इतरांना वेगळी का? वरवर समतेचा वाटणारा हा युक्तिवाद तपासला असता टिकत नाही. नागरिकाच्या बाबतीत तीस दिवसांची अट केवळ त्याचे ठिकाण निश्चित करते. त्या राजकीय समाजाशी असलेले त्याचे नाते नागरिकत्वानेच गृहीत धरलेले असते. जो नागरिक नाही त्याच्या बाबतीत रहिवास हाच त्या नात्याचा एकमेव पुरावा असतो. म्हणून तो पुरावा पुरेसा जड असावा लागतो. जगात जेथे जेथे हा अधिकार टिकला तेथे बहुधा हा विवेक पाळलेला दिसतो. स्वीडनने १९७५ साली तीन वर्षांची अट घातली. नेदरलँड्सने १९८३ ची घटनादुरुस्ती व १९८५ चा कायदा यांद्वारे पाच वर्षांची अट घातली. युरोप परिषदेच्या १९९२ च्या स्थानिक सार्वजनिक जीवनातील परकीयांच्या सहभागाविषयीच्या करारातही पाच वर्षांचीच मुदत आहे. दक्षिण कोरियात तर कायम रहिवासाचा परवाना मिळाल्यानंतर आणखी तीन वर्षे जावी लागतात. न्यूयॉर्कच्या कायद्याने या अनुभवाकडे दुर्लक्ष केले आणि विरोधकांच्या हाती आयते शस्त्र दिले. कायद्याच्या उद्दिष्टाशी सहमत असलेल्या काही सदस्यांनीही या मुदतीवर आक्षेप घेतला होता, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

निकालपत्रातील युक्तिवाद :

न्यायालयापुढील वाद मुदतीविषयी नव्हताच. तो एका वाक्याच्या अर्थाविषयी होता. प्रत्येक नागरिकाला, तो अठरा वर्षांचा व विहित काळ तेथे राहिलेला असल्यास, प्रत्येक निवडणुकीत मत देण्याचा हक्क असेल, अशा आशयाचे वाक्य न्यूयॉर्क राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात आहे. शहराचा दावा असा होता की, हे वाक्य नागरिकाला हमी देते, इतरांना मनाई करीत नाही. तो उंबरठा आहे, कुंपण नव्हे. मुख्य न्यायाधीश रोवन विल्सन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्राने हा दावा अमान्य केला. ते कुंपणच आहे, असे त्यांनी ठरविले. स्थानिक शासनाविषयीच्या नवव्या अनुच्छेदात स्थानिक विधिमंडळ तेथील ‘लोकां’नी निवडलेले असावे असे म्हटले असून त्याच अनुच्छेदात ‘लोक’ या शब्दाची व्याख्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार मत देण्यास पात्र असलेल्या व्यक्ती अशी दिली आहे. शिवाय दुसऱ्या अनुच्छेदाला केवळ किमान हमी मानले तर वयाची अटही केवळ किमान हमी ठरेल आणि एखाद्या शहराला अल्पवयीनांनाही मताधिकार देता येईल, असा व्यत्यासही न्यायालयाने दाखविला. न्यायमूर्ती जेनी रिव्हेरा यांनी एकटीने असहमती नोंदविली.

शब्दार्थाच्या दृष्टीने बहुमताचा अन्वयार्थ अधिक बळकट आहे, हे मान्य करावे लागते. दोन अनुच्छेद एकमेकांशी व्याख्येने जोडलेले असताना त्यातील एक सैल करणे कठीण होते. परंतु निकालपत्र जेथे मजकुराकडून इतिहासाकडे वळते, तेथे वाचकाने थोडे थांबणे इष्ट ठरेल. राज्याच्या १७७७ च्या पहिल्या घटनेत मतदाराचे वर्णन ‘पुरुष रहिवासी’ असे होते. १८२१ च्या घटनेने त्याच्या जागी ‘पुरुष नागरिक’ हे शब्द आणले. हा बदल हेतुपूर्वक झाला, यात शंका नाही. मात्र १८२१ च्या त्याच कलमाने कृष्णवर्णीय पुरुषांवर २५० डॉलर किमतीच्या स्थावर मालमत्तेची अट लादली आणि गोऱ्या मतदारांसाठी मालमत्तेची जुनी अट सैल केली. ‘रहिवासी’ जाऊन ‘नागरिक’ येणे ही घटना मताधिकार आकुंचित व प्रसृत करण्याच्या एका मोठ्या सौदेबाजीचा भाग होती. म्हणून त्या शब्दबदलातून आजचा कायदेशीर अर्थ काढता येईल. परंतु त्यातून लोकशाहीचे एखादे सनातन तत्त्व काढणे योग्य होणार नाही. अमेरिकेच्या इतिहासात तर एकोणिसाव्या शतकात अनेक राज्यांनी, नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या परदेशी पुरुषांना मताधिकार दिला होता. विस्कॉन्सिनने १८४८ मध्ये राज्य होतानाच तशी तरतूद केली. ही प्रथा शेवटी आर्कान्सामध्ये १९२६ साली संपुष्टात आली. वसाहतीसाठी माणसे हवी होती तोवर परका माणूस ‘लोकां’त होता, गरज सरल्यावर तो बाहेर गेला, असेच या इतिहासाचे वाचन करावे लागते.

निकालपत्राने घटनादुरुस्तीची वाट मोकळी ठेवली आहे. त्या राज्यात दुरुस्तीसाठी दोन लागोपाठच्या विधिमंडळांची संमती व नंतर सार्वमत आवश्यक असते. सार्वमतात मत देणार ते अर्थातच आजचे नागरिक. आत असलेल्यांनीच दार उघडायचे, ही लोकशाहीची जुनी अडचण येथे पुन्हा समोर येते. परंतु ही अडचण अभेद्य नाही. न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांना मताधिकार देण्याचा प्रश्न १९१५ मध्ये पुरुष मतदारांपुढे गेला आणि फेटाळला गेला. १९१७ मध्ये तो पुन्हा गेला आणि मान्य झाला. दोन वर्षांत मतदार तेच होते, मन वळले होते. स्थानिक कायद्याची जवळची वाट न धरता हीच लांबची वाट धरली असती तर पराभव झाला असता तरी प्रश्न जनतेपुढे गेला असता.

कार्ल्सरूहेचा निकाल व त्यातील पेच :

याच प्रश्नाचे अधिक मूलगामी उत्तर पस्तीस वर्षांपूर्वी जर्मनीत दिले गेले होते. श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने १९८९ मध्ये डेन्मार्क, आयर्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन व स्वित्झर्लंड या सहा देशांच्या नागरिकांना पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर गाव व जिल्हा पातळीवर मताधिकार दिला. हे सहा देश निवडण्याचे कारण परस्परता हे होते. त्याच वर्षी हॅम्बुर्गने आठ वर्षे राहिलेल्या सर्व परकीयांना प्रभाग सभांसाठी मत दिले. कार्ल्सरूहे येथील संघराज्य घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही कायदे रद्द केले. सर्व राज्यसत्ता लोकांपासून उगम पावते, या मूलभूत कायद्यातील वाक्यात ‘लोक’ म्हणजे जर्मन राष्ट्रीयत्व असलेले लोक, आणि गावपातळीवरचे ‘लोक’ही तेच, वेगळे नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचे खरे महत्त्व त्याच्या एका कबुलीत आहे. राजकीय हक्क असणारे लोक आणि राज्यसत्तेच्या कायम अधीन असणारे लोक यांच्यात शक्यतो एकरूपता असावी, हा विचार लोकशाहीच्या दृष्टीने योग्य आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र त्यावरचा उपाय मताधिकार सैल करणे हा नसून नागरिकत्व मिळविणे सुलभ करणे हा आहे, असे त्याचे म्हणणे पडले. मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ या ग्रंथात पाहुण्या कामगारांविषयी जी भूमिका मांडली होती तिच्याशी हे उत्तर जुळणारे आहे. प्राचीन अथेन्समध्ये ‘मेटिक’ हा वर्ग शहरात राहत असे, राबत असे, लढतही असे. परंतु सभेत त्याला स्थान नसे. आधुनिक लोकशाहीने असा वर्ग निर्माण करू नये, ज्यांना राबवून घ्यायचे त्यांना नागरिक होण्याची वाट दिली पाहिजे, असा वॉल्झर यांचा आग्रह आहे.

तत्त्व म्हणून हे उत्तर चांगले आहे. परंतु ते देणाऱ्या न्यायालयाच्या हाती नागरिकत्वाचा कायदा बदलण्याची सत्ता नव्हती. म्हणजे एक दार बंद करताना दुसरे दार कोणीतरी उघडेल एवढी आशाच व्यक्त झाली. ते दार उघडण्यास किती काळ लागला? परकीय आईबापांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांना काही अटींवर जन्मतः नागरिकत्व देणारा कायदा १ जानेवारी २००० पासून लागू झाला. सामान्यतः पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व आणि दुहेरी नागरिकत्वाला सर्वसाधारण मान्यता ही सुधारणा जून २०२४ मध्ये झाली. निकालापासून मोजले तर चौतीस वर्षे झाली. या अवधीत कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेला तुर्की कामगार आपल्या गावच्या परिषदेसाठी एकदाही मत न देता गेला असेल, तर त्याच्यापुरते न्यायालयाचे उत्तर फोलच ठरले.

त्याहून मोठा पेच १९९२ मध्ये निर्माण झाला. मास्त्रिख्त कराराने युरोपीय संघाच्या नागरिकांना कोणत्याही सदस्य देशात स्थानिक मताधिकार दिला आणि त्यासाठी जर्मनीने आपल्या मूलभूत कायद्यात डिसेंबर १९९२ मध्ये दुरुस्ती केली. अशी दुरुस्ती करता येईल, हे न्यायालयाने १९९० मध्येच सूचित केले होते. त्यामुळे कायदेशीर विसंगती नाही. तरीही गावपातळीवरचे लोक म्हणजे जर्मन लोकच, हे जर लोकशाहीच्या गाभ्यातून निघणारे तत्त्व असेल तर काल आलेल्या पोर्तुगीज वा ग्रीक माणसासाठी ते वाकले कसे आणि तीस वर्षे राहिलेल्या तुर्की माणसासाठी ताठ राहिले कसे, याचे तात्त्विक उत्तर मिळत नाही. उत्तर मिळते ते राजकारणात, आंतरराष्ट्रीय करारांच्या देवघेवीत. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात याउलट संयत भूमिका घेतली : घटना परकीयांना स्थानिक मताधिकाराची हमी देत नाही, पण कायम रहिवाशांना कायद्याने तो देण्यास मनाईही करीत नाही. निर्णय विधिमंडळाकडे सोपविण्याची ही रीत न्यायसंस्थेला अधिक शोभणारी आहे. जपानच्या संसदेने तो निर्णय अद्याप घेतलेला नाही, हा भाग वेगळा.

‘नागरिक व्हा’ हे उत्तर कोणासाठी?

नागरिकत्वाची वाट खुली आहे, मग मताचा आग्रह कशाला, हा आक्षेप अमेरिकेतही सर्वाधिक ऐकू येतो. या आक्षेपाची कसोटी भारतीयांच्या बाबतीत चांगली लागते. रोजगाराधारित ग्रीन कार्डांवर अमेरिकी कायद्याने कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांसाठी सात टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा घातलेली आहे. परिणामी भारतात जन्मलेल्या अर्जदाराला दहा वर्षांहून अधिक काळ रांगेत राहावे लागते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी सामान्यतः आणखी पाच वर्षे. म्हणजे एच-१बी व्हिसावर तिशीत गेलेले पुण्या-नाशिकचे संगणक अभियंते पन्नाशीला टेकेपर्यंत तेथील कोणत्याच सभेचे मतदार होत नाहीत. या काळात त्यांची मुले तेथे जन्मून, वाढून मतदारही झालेली असू शकतात. न्यूयॉर्कच्या कायद्याने कामाचा परवाना असलेल्यांनाही सामावून घेतले होते ते या वस्तुस्थितीकडे पाहून. तीस दिवसांची अट चुकीची होती. ग्रीन कार्डापलीकडे पाहण्याची दृष्टी चुकीची नव्हती.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ च्या नवव्या कलमान्वये स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड ही मताधिकार नसलेली सवलत आहे. म्हणून ‘नागरिक व्हा’ हा सल्ला भारतीयाच्या बाबतीत ‘गावचे मत सोडा’ असाही होतो. ज्या देशांचे कायदे दुहेरी नागरिकत्व मानतात, तेथील स्थलांतरितांना ही किंमत मोजावी लागत नाही. एकाच शेजारात राहणाऱ्या दोन परदेशी माणसांसाठी एकाच सल्ल्याची किंमत इतकी निराळी असेल तर तो सल्ला तत्त्व म्हणून मांडताना सावधपणा हवा.

कराचा युक्तिवाद :

समर्थकांचा आवडता युक्तिवाद म्हणजे, ते कर भरतात, म्हणून त्यांना मत हवे. अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याच्या स्मृतीमुळे तेथे तो भावनेला भिडतो. परंतु समर्थकांनी तो सोडून द्यावा हेच उत्तम. कर प्रवासीही भरतो, कंपनीही भरते. त्यांना कोणी मत देत नाही. उलट कर भरण्याची ऐपत नसलेल्याचे मत काढून घेणे आज कोणालाही मान्य होणार नाही. कर आणि मत यांची गाठ कशी असते, हे मुंबई महानगरपालिकेच्या इतिहासात पाहावे. १८७२ च्या कायद्याने महापालिकेत चौसष्ट सदस्य आले. त्यातील निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. करदाता हीच तेथे मतदाराची कसोटी होती. त्या काळी ती पुढारलेली मानली गेली. पण गिरणीत राबणारा, चाळीत राहणारा बहुसंख्य मुंबईकर त्या कसोटीने बाहेरच राहिला. प्रौढ मताधिकारावर महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. ज्या कसोटीने एकेकाळी आपलीच माणसे गाळली, ती परक्यांना आत घेण्यासाठी वापरणे शहाणपणाचे नाही.

खरा आधार सत्तेच्या अधीन असण्याचा आहे. रॉबर्ट डाल यांनी १९८९ च्या ‘डेमॉक्रसी अँड इट्स क्रिटिक्स’ या ग्रंथात, निर्णयांनी कायम बांधले जाणाऱ्या सर्व प्रौढांचा समावेश ‘लोकां’त झाला पाहिजे, असे सांगताना तात्पुरत्या वास्तव्यास आलेल्यांना वगळले आहे. रेनर बाउबॉक यांनी त्याही पुढे जाऊन राष्ट्राचे नागरिकत्व व शहराचे नागरिकत्व यांच्या पाया वेगळा मानला. पहिल्याचा पाया जन्म वा वंश, दुसऱ्याचा पाया रहिवास. मुंबईहून नागपूरला गेलेल्याचे मुंबईतील मत संपते आणि नागपुरात सुरू होते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. शहराचे सदस्यत्व रहिवासाने येते आणि रहिवासानेच जाते, हे देशांतर्गत स्थलांतरात सर्वांनी मान्य केलेलेच आहे.

‘स्थानिक’ म्हणजे क्षुल्लक नव्हे :

बाउबॉक यांच्या मांडणीला जोडून एक सोपी पुस्ती नेहमी दिली जाते : पाणी, कचरा, दिवाबत्ती यांच्याशी राष्ट्रनिष्ठेचा काय संबंध? ही पुस्ती फसवी आहे. न्यूयॉर्क शहराचे वार्षिक अंदाजपत्रक शंभर अब्ज डॉलरहून मोठे आहे आणि तेथील महापौराच्या हाताखाली तीस हजारांहून अधिक पोलीस आहेत. संघराज्याच्या स्थलांतरविषयक यंत्रणेशी शहराने किती सहकार्य करावे, हा तेथील निवडणुकीतील मोठा प्रश्न असतो आणि त्यात नागरिक नसलेल्यांचे हितसंबंध थेट गुंतलेले असतात. विरोधक याला हितसंघर्ष म्हणतात. समर्थक म्हणतात, ज्याचे जळते त्यालाच बोलू द्यावे. दोन्ही म्हणणी खरी आहेत. घरमालकही मालमत्ता कराच्या प्रश्नावर आपले हित पाहूनच मत देतो आणि त्याला कोणी अपात्र ठरवीत नाही. तथापि स्थानिक सत्ता किरकोळ आहे म्हणून ती परक्यांना द्यावी, असे म्हणणे स्थानिक स्वराज्याचाच अधिक्षेप करणारे आहे. ती सत्ता मोठी आहे, म्हणूनच तिच्याखाली कायम राहणाऱ्याला तिच्यात वाटा हवा, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होय.

स्विंडनमधील गोवेकर :

तत्त्वापेक्षा इतिहासाची अडगळ मताधिकार कसा ठरविते, याचे उत्तम उदाहरण ब्रिटन आहे. तेथे राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, वैध वास्तव्य असल्यास, स्थानिकच नव्हे तर संसदेच्या निवडणुकीतही मत असते. लंडनमध्ये शिकायला गेलेली कोल्हापूरची विद्यार्थिनी भारतीय पारपत्रावर तेथील खासदार निवडू शकते. पॅरिसहून आलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीला तो हक्क नाही. हा साम्राज्याचा अवशेष आहे, रहिवासाच्या तत्त्वाचा विजय नव्हे.

गोव्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज कायद्यानुसार जन्मनोंदणीद्वारे पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते. त्या आधारे अनेक गोवेकर युरोपीय संघाचे नागरिक म्हणून इंग्लंडमधील स्विंडन गावी स्थायिक झाले आणि तेथील बरो कौन्सिलसाठी मत देऊ लागले. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर २०२२ च्या निवडणूक कायद्याने युरोपीय नागरिकांचा हा हक्क मर्यादित केला. मात्र पोर्तुगालशी २०१९ मध्ये द्विपक्षीय करार झालेला असल्याने पोर्तुगीज नागरिकांचा हक्क टिकला. म्हणजे स्विंडनमधील गोवेकराचे मत आता लिस्बन आणि लंडन यांच्यातील करारावर उभे आहे. २०२१ मध्ये तेथे नव्याने आलेल्या फ्रेंच माणसाला मत नाही. सेव्हर्न नदीपलीकडे वेल्समध्ये तोच माणूस राहायला गेला तर त्याला मत आहे, कारण वेल्सने व स्कॉटलंडने सर्व वैध परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार दिला आहे. आणि या गोवेकराने भारतीय पारपत्रच ठेवले असते तर त्याला संसदेसाठीही मत मिळाले असते! गोव्यातील आपल्या ग्रामपंचायतीचे मत मात्र त्याने पोर्तुगीज नागरिक होताच गमावले.

हक्क आणि त्याचा वापर :

मताधिकार दिल्याने सहभाग आपोआप वाढतो, ही समर्थकांची आशा स्वीडनच्या अनुभवाने पुरती सिद्ध होत नाही. १९७६ च्या पहिल्या निवडणुकीत पात्र परकीयांपैकी सुमारे साठ टक्क्यांनी मतदान केले. २००२ पर्यंत हे प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या आसपास उतरले. यावरून हक्क निरुपयोगी ठरत नाही. पक्षांनी त्या वस्त्यांत जाणे, उमेदवारी देणे, त्यांच्या भाषेत प्रचार करणे हे सर्व झाले नाही तर मतदारयादीतील नाव यादीतच राहते, इतकाच निष्कर्ष त्यातून काढता येतो. विरोधकांची भीतीही याच आकड्यांनी पोकळ ठरते. परक्यांच्या मतांनी स्वीडनमधील शहरांचा ताबा गेल्याचे दिसत नाही.

भारतीय संदर्भ :

भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात प्रौढ मताधिकार नागरिकांना आहे; परंतु तो अनुच्छेद लोकसभा व विधानसभा यांच्यापुरता बोलतो. पंचायतींविषयीच्या नवव्या भागात ग्रामसभेची व्याख्या गावाच्या मतदारयादीत नोंदलेल्या व्यक्तींची सभा अशी आहे. ती यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या सोळाव्या कलमाने त्या यादीतून अनागरिक वगळले जातात. म्हणजे पंचायतीच्या मताधिकारावरील नागरिकत्वाची अट यादीच्या वाटेने येते.

याच्या नेमके उलटे उदाहरण जम्मूत होते. फाळणीनंतर पश्चिम पाकिस्तानातून तेथे आलेले निर्वासित भारताचे नागरिक होते, लोकसभेसाठी मत देत होते; पण राज्याचे ‘कायम रहिवासी’ नसल्याने विधानसभा व पंचायतीसाठी त्यांना मत नव्हते. ही स्थिती २०१९ पर्यंत सात दशके टिकली आणि २०२० च्या जिल्हा विकास परिषदांच्या निवडणुकीत त्यांनी प्रथमच स्थानिक मतदान केले. देशाचा मालक, पण गावचा पाहुणा अशी ही अवस्था होती. राष्ट्रीय ‘लोक’ व स्थानिक ‘लोक’ एकच असतात, हे कार्ल्सरूहेचे तत्त्व भारतात अशा रीतीने दीर्घकाळ बाजूला ठेवले गेले होते, आणि तेही वगळण्यासाठी.

महाराष्ट्रातही हा प्रश्न अगदीच परका नाही. गोंदिया जिल्ह्यात नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींना जन्माने नागरिकत्व असल्याने त्यांची मतदार म्हणून नोंद करावी, असा आदेश निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये दिला. अशा वसाहतीतील एखाद्या घराची कल्पना केली तर तिबेटात जन्मून पन्नास वर्षे येथे शेती केलेल्या आजोबांना मत नाही. १९८० मध्ये येथे जन्मलेल्या त्यांच्या मुलाला आहे. १९८८ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीला नाही, कारण तिच्या जन्मावेळी आईबापांपैकी कोणीही नागरिक नव्हते. तिघेही एकाच विहिरीचे पाणी पितात आणि एकाच रस्त्याने बाजाराला जातात.